परतीच्या पाइपातलं भोक

माझी सगळी नोकरी फॅक्टरीच्या तपासणी विभागात गेली. समोर आलेल्या वस्तूत खोट असणारच, ती फक्त आपल्याला अजून दिसलेली नाही, या समजुतीवर मी तिथे तीस वर्षं काढली. संध्याकाळी स्टँडवरून स्कूटर काढताना ही समजूत तिथेच ठेवून घरी जायचं असतं, हे मला कोणी सांगितलं नाही. भाजीवाल्याचा काटा, दूधवाल्याचं माप, मुलाची गुणपत्रिका, सगळ्यांकडे मी त्याच नजरेनं पाहायचो. बायको म्हणायची, "तुम्ही देवळात गेले तरी मूर्ती ठोकून पाहाल." तसं मी कधी केलेलं नाही. घंटेची साखळी कुठे झिजली आहे ते मात्र पाहिलेलं आहे.

या नजरेखाली सगळ्यात जास्त कोणी सोसलं असेल तर ते माझ्या मेव्हण्यानं. बायकोचा हा एकुलता एक धाकटा भाऊ. त्यानं आधी कूलर दुरुस्त केले, मग गच्च्यांवर चढून टीव्हीचे अँटिने बसवले, केबल आली तेव्हा या खांबावरून त्या खांबावर तारा ओढल्या आणि शेवटी शहरातल्याच अधारताल भागात मेन रोडवर रंगीत माशांचं दुकान टाकलं. लग्न केलं नाही. दुकानामागच्या खोलीत राहायचा. बायको त्याला हरहुन्नरी म्हणायची. मी म्हणायचो, एक ना धड भाराभर चिंध्या.

सासू-सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. सासऱ्यांचं क्वार्टर ते रिटायर झाले तेव्हाच सुटलं होतं, त्यामुळे माहेरी म्हणून जायला तिला घर उरलं नव्हतं. माहेर म्हणजे हा एक माणूस, महिन्यातून दोनदा हातात गरम समोशांचा पुडा घेऊन येणारा. तो आला की ती मराठीत भांडायची, मराठीत हसायची. आमचा मुलगा इंदूरला शिकायला गेलेला, तो फोनवर तिच्या मराठीला हिंदीत उत्तर द्यायचा. मी घरात फारसा बोलायचो नाही, बोललो तर चौकशा करायचो. त्याचं येणं बंद झालं तर तिचं माहेर बंद झालं, इतकी साधी गोष्ट होती आणि ती मला चांगली माहीत होती. माहीत असून मी काय केलं ते सांगतो.

एका भाऊबीजेला तो हातगाडीवर चार फुटी काचेची टाकी घालून आला. "ओवाळणी ताटात मावत नाही, दीदी," असं म्हणून हसला. पाण्याच्या पिशवीत बोटाएवढे दोन मासे होते, काळपट, अंगावर नारिंगी ठिपके. ऑस्कर म्हणतात त्यांना. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या मनात आलं, हा याच्या दुकानातला न खपलेला माल असणार. ती ओवाळत होती तेव्हा मी टाकीभोवती फिरून मागच्या कोपऱ्यातला एक ओरखडा शोधून काढला आणि लक्षात ठेवला.

मासे वाढले. सकाळी ती समोर जाऊन उभी राहिली की दोघंही काचेपाशी येऊन तोंड उघडझाप करायचे. मी गेलो की मागे सरकायचे. मासेसुद्धा माहेरचेच निघाले. ती पोळ्या लाटता लाटता त्यांच्याशी मराठीत बोलायची आणि म्हणायची, या घरात हिंदीत उलट उत्तर न देणारे हे दोघंच आहेत.

त्याच सुमारास आम्ही पाहुण्यांना घेऊन भेडाघाटला गेलो होतो, तेव्हा मी एक पांढराशुभ्र दगड उचलून आणला, टाकीत शोभेल म्हणून. मेव्हणा म्हणाला, "जिजाजी, हा नका टाकू. हा दगड पाण्यात थोडा थोडा विरघळत राहतो, पाणी जड होतं." मला वाटलं, याला आपल्या दुकानातली रंगीत खडी घ्यायला लावायची आहे. तो गेल्यावर मी मोरीत दगडावर संडास साफ करायचं अॅसिड ओतून पाहिलं. दगड फसफसला. मी तो दगड तुळशीपाशी ठेवून दिला आणि तू बरोबर होतास हे त्याला कधीच सांगितलं नाही.

वर्ष व्हायच्या आत मासे वीतभर झाले. खाणं तसं आणि घाणही तशी. टाकीतल्या छोट्या फिल्टरला ते झेपेना. पाणी चहाच्या धुवणासारखं दिसायला लागलं, वास येऊ लागला. मेव्हण्यानं सांगितलं की यांना आता सम्प लावायला हवा. म्हणजे टाकीखालच्या कपाटात दुसरी, लहान टाकी ठेवायची. वरचं पाणी कोपऱ्यातल्या पाइपानं आपोआप खाली उतरणार, तिथे आधी फोममधून आणि मग चिनी मातीच्या पोकळ मण्यांमधून गाळलं जाणार, आणि शेवटच्या कप्प्यातला पंप ते स्वच्छ पाणी दुसऱ्या पाइपानं परत वर ढकलणार. मी विचारलं, वरचं पाणी खाली उतरायला वाट कुठे आहे? तो म्हणाला, "काचेला छेद पाडू न." चांगल्या टाकीला भोक पाडायचं हे ऐकूनच माझं डोकं फिरलं. पण बायको मध्ये पडली.

दोन रविवार काम चाललं. मी स्टूल टाकून, हातात टॉर्च आणि स्टीलची पट्टी घेऊन शेजारी बसलो. तो पट्टी वापरत नव्हता. वितीनं आणि बोटांनी मापायचा, डोळा बारीक करून पाहायचा आणि कापायचा. तो उठला की मी मागून पट्टी लावायचो. दुर्दैवानं सगळं बरोबर यायचं. काचेला भोक पाडताना त्यानं त्यावर पाण्याची धार सोडली, ड्रिल हळूहळू फिरवलं. काच फुटली तर काय बोलायचं ते मी तयार ठेवलं होतं. काच फुटली नाही.

शेवटी त्यानं खालच्या टाकीच्या काचेवर लाल ऑइलपेंटनं एक रेघ मारली. "याच्या वर पाणी भरायचं नाही, जिजाजी. लाइट गेली की पंप बंद होणार, वरचं थोडं पाणी खाली येणार. त्याला जागा पाहिजे."

"थोडं म्हणजे किती?"

"थोडं म्हणजे थोडं."

"मला दाखव."

त्यानं प्लग काढला. पाणी खाली आलं, रेघेच्या वर चार बोटं चढलं, वर टाकीत घर्र असा आवाज झाला आणि पाणी थांबलं. मी विचारलं, का थांबलं? तो उत्साहानं उठून बसला. "त्याचं असं आहे, जिजाजी, तो जो परतीचा पाइप आहे न..."

"तोंडी नको," मी म्हणालो. "कागदावर लिहून दे. खाली सही कर."

मी अगदीच थट्टेनं म्हणालो नव्हतो. त्यानं माझ्याकडे पाहिलं, फडक्याला हात पुसले आणि चहा प्यायला स्वयंपाकघरात निघून गेला. तिथे तो बहिणीला हळू आवाजात काहीतरी सांगत होता आणि ती हसत होती. मी बाहेर बसून कान दिले पण काही कळलं नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

छत्तीसगड वेगळं झालं त्याला दोनेक वर्षं झाली होती. वीज तिकडे राहिली आणि अंधार आपल्या वाट्याला आला, असं चौकातला प्रत्येक जण म्हणायचा. रोज ठरलेल्या वेळी लाइट जायची, आणि न ठरलेल्या वेळीसुद्धा. लाइट गेली की मी घरी असेन तर टॉर्च घेऊन कपाटासमोर बसायचो. पाणी उतरायचं, घर्र आवाज व्हायचा, थांबायचं. मी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं खूण करायचो. महिन्याभरात खुणांवर खुणा पडून तिथे एकच जाड रेघ झाली. एवढी बिनचूक गोष्ट मी फॅक्टरीतसुद्धा पाहिली नव्हती. माझं समाधान होण्याऐवजी संशय वाढत गेला.

देखभाल बायको करायची. दर रविवारी वरच्या टाकीतलं थोडं पाणी बादलीत काढून त्यातच फोम पिळायची. मी म्हणालो, घरात नळ आहे, घाणेरड्या पाण्यात काय धुतेस? ती म्हणाली, नळाच्या पाण्यातल्या औषधानं फोममधले चांगले जंतू मरतात. चांगले जंतू! हेही भावानंच शिकवलेलं. आपला तो बाब्या, दुसरं काय. उडून गेलेलं पाणी ती एक रात्र बादलीत ठेवलेल्या पाण्यानं भरायची, लाल रेघेपर्यंत, एक थेंब जास्त नाही. मासे तुकतुकीत झाले होते. पाणी इतकं स्वच्छ की टाकी रिकामी वाटावी. तरी मी वाट पाहत होतो.

दिवाळीच्या आधीच्या एका रविवारी सकाळी लाइट गेलेली असताना तिनं मला पोहे-जिलेबी आणायला पिटाळलं. दुकान बंद होतं म्हणून मी लगेच परतलो. ती स्टुलावर उभी राहून टाकीत वाकली होती. हातात बांगडीतली सेफ्टी पिन. त्या पिनेनं ती परतीच्या पाइपाशी काहीतरी खुडबुड करत होती. मला पाहिलं आणि पिन पटकन बांगडीत गेली.

"काय करून राहिली?" मी विचारलं.

"काही नाही. शेवाळ काढून राहिले होते."

"पिनेनं?"

"आता काय तलवारीनं काढू?" असं म्हणून ती स्टुलावरून उतरली आणि आत गेली. एखाद्या शहाण्या माणसानं यावर चहा मागितला असता. मी तीन दिवस त्या पिनेचा विचार केला.

तीन दिवसांनी मी घराच्या डागडुजीसाठी रजा काढली होती. दिवाळीच्या आधी भिंतीतली खिळ्यांची भोकं, खिडकीच्या फटी, गळके सांधे हे सगळं बुजवणं आमच्या घरात माझं काम. दोन गोळे एकत्र मळून लावायची लांबी असते, ती घेऊन मी घरभर फिरत होतो. बायको शेजारी चकल्या करायला गेली होती. तेवढ्यात लाइट गेली. मी स्टूल ओढलं, वर चढलो आणि टाकीचं झाकण उघडलं.

परतीच्या पाइपाला भोक होतं. काडेपेटीतली काडी जाईल एवढं. पंप चालू असताना ते पाण्याखाली असे म्हणून कधी दिसलं नव्हतं. आता पाणी उतरलं होतं आणि ते पाण्याच्या जरा वर उघडं पडलं होतं. मला सगळा उलगडा झाला. पाइप जुना. कुठल्या तरी दुसऱ्या घरातून काढलेला. सिव्हिल लाइन्सच्या एखाद्या बंगल्यात साहेबांची टाकी मोडीत निघाली असेल, तिथला स्क्रूचं भोक असलेला पाइप यानं माझ्याकडे खपवला. स्वयंपाकघरात बहिणीला सांगितलं ते हेच. म्हणून ती हसली. म्हणून आता ती मला पोह्यांना पाठवून भोक तपासते, आणि ताकास तूर लागू देत नाही. एकेक गोष्ट जाग्यावर बसत गेली. मला आनंद झाला, तो लपवण्यात अर्थ नाही. वर्षभर ज्याची वाट पाहिली ते हाताला लागलं होतं.

मी पाइप फडक्यानं कोरडा केला, लांबीचा छोटा गोळा भोकात दाबला आणि अंगठ्यानं गुळगुळीत केला. लाइट आली, पंप सुरू झाला, पाणी वाहू लागलं. बायकोला काही सांगितलं नाही. दिवाळी झाली की दोघांना समोरासमोर बसवून विचारायचं असं ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून आलो तेव्हा उंबऱ्यातच माझा बूट भिजला. सगळ्या बैठकीत पाणी होतं. चिवड्याचे आणि शेवेचे डबे दिवाणावर चढवलेले, दिवाणाखालच्या ट्रंकेतले स्वेटर बाहेर काढून टाकलेले, आणि बायको गुडघ्यांवर बसून पोत्यानं पाणी टिपत होती. दुपारी लाइट गेली, ती शेजारी होती, आणि पाणी खाली येतच राहिलं होतं. खालची टाकी भरून वाहिली होती. वरच्या टाकीत जेमतेम चार बोटं पाणी उरलं होतं आणि त्यात ते दोन मोठे मासे आडवे पडून कल्ले हलवत होते. तिनं दुकानात फोन केला होता. मेव्हणा मोपेडवर पाण्याचे दोन कॅन बांधून आला होता आणि स्टुलावर चढून टाकीत हात घालून उभा होता.

मी बूटही काढले नाहीत. तिथेच सुरू झालो. म्हणालो, "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. काच फोडलीस, जुना माल लावलास, माप नाही, काही नाही, सगळं अंदाजे. उद्या हिच्या अंगावर विजेची तार पडली असती या पाण्यात, तर? तुझं काम नापास आहे. आयुष्यभर तू हेच केलंस. पुन्हा या घरात यायचं नाही." आणखीही बोललो. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं, ओरखड्यापासून पिनेपर्यंत.

मी बोलत होतो तेव्हा त्याचा अंगठा परतीच्या पाइपावर एका जागी थांबला होता. तो खाली वाकून पाहत होता. मग त्यानं बहिणीकडे पाहिलं. ती उठून जवळ गेली, तिनंही पाइपाकडे पाहिलं. दोघांपैकी कोणी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. त्यानं खिशातून ब्लेड काढलं, थोडा वेळ काहीतरी खरवडलं, मग वर-खाली पाणी भरलं, पंप तपासला, प्लग लावला. हात पुसले आणि म्हणाला, "चुकलं, जिजाजी. आता ठीक आहे." आणि चहा न घेता गेला. बायको पोतं हातात धरून दारात उभी होती.

मला वाटलं, गुन्हा कबूल झाला. त्या रात्री मी पोटभर जेवलो.

पण नंतरचे दोन दिवस घरात काही बरोबर नव्हतं. भावाला एवढं बोलल्यावर बायकोनं माझ्याशी भांडायला हवं होतं. मी उत्तरं तयार ठेवली होती. ती फक्त ताट वाढायची, पाणी ठेवायची, माशांशीही बोलायची नाही. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी ती बाजारात गेली तेव्हा मी पुन्हा स्टुलावर चढलो, पाइपावरून बोट फिरवलं, आणि चपापलो. माझी लांबी नव्हती. भोक उघडं होतं. त्यानं माझी दुरुस्ती काढून टाकली होती.

आधी राग आला. मग सवय आड आली. तपासणीवाल्यानं आरोप करून थांबायचं नसतं, चाचणी घ्यायची असते. मी शर्टाची बाही वर केली, एका हाताचं बोट त्या भोकावर दाबून धरलं आणि दुसऱ्या हातानं प्लग काढला.

पाणी उतरू लागलं. लाल रेघेच्या वर दोन बोटं, चार बोटं, आणि उतरतच राहिलं. पाइप वरचं पाणी ओढून ओढून खाली सोडत होता. खालची टाकी काठोकाठ आली तेव्हा घाबरून मी बोट काढलं. भोकातून हवा आत गेली, घर्र आवाज झाला आणि पाणी जागच्या जागी थांबलं. मी प्लग लावला, पाणी वर जाऊ दिलं आणि पुन्हा केलं. मग तिसऱ्यांदा केलं, या वेळी काही वेगळं होईल या आशेनं. बोट दाबलं की पूर. बोट काढलं की थांबलं. त्यानं ते भोक मुद्दाम पाडलं होतं. लाइट गेल्यावर पाइपाचं ओढणं तोडायला. तेच तो मला त्या दिवशी सांगत होता आणि मी त्याच्याकडे सही मागितली होती. बायको ते पिनेनं साफ करत होती, शेवाळानं बुजू नये म्हणून. आणि मी नसताना करत होती, कारण मला भोक दिसलं असतं तर मी काय केलं असतं हे तिला ठाऊक होतं. मी तेच केलं होतं.

मला लाज वाटली. ओली बाही टपटपत होती आणि मी स्टुलावर तसाच बसून राहिलो. पण जित्याची खोड. लाज वाटत असतानाच मनात आलं, मग तो 'चुकलं' का म्हणाला? लांबी त्याच्या हाताला लागली होती, माझा अंगठा उमटलेला त्याला दिसला असणार. मला उपकाराखाली ठेवायचा याचा डाव तर नाही? जन्मभर बहिणीच्या घरात मान वर करून यायला?

लक्ष्मीपूजन झालं. पाडव्याला बायकोनं मला पाटावर बसवून ओवाळलं. ताटातल्या दिव्याचा उजेड तिच्या तोंडावर पडला होता आणि ती माझ्या कपाळाकडे पाहत होती, डोळ्यांकडे नाही. मी तिच्यासाठी आणलेली साडी ताटात ठेवली. बोलायचं असेल तर ती वेळ होती. उद्या भाऊबीज, आज संध्याकाळी एक फोन केला तर तो उद्या येणार, हे मला कळत होतं. शब्द जिभेवर आले आणि मी म्हणालो, "करंज्या छान झाल्या आहेत."

भाऊबीजेला तिनं सकाळपासून बासुंदी आटवली. पाट मांडला, पाटाभोवती रांगोळी काढली, ताटात सुपारी, अक्षता, निरांजन ठेवलं. बारा वाजले, दोन वाजले. रस्त्यावर मोपेड वाजली की ती कढई ढवळायची थांबायची. मी पेपर तोंडासमोर धरून म्हणालो, "येईल. कुठे जातो?"

"नाही येणार," ती म्हणाली. "तुम्ही नको येऊ म्हटलं न त्याला. तुमचं सगळं ऐकतो तो."

तीन वाजता आम्ही दोघं जेवलो. बासुंदीला तिनं हात लावला नाही. दिवस मावळला तशी ती उठली, तोंड धुतलं, निरांजन लावलं आणि ताट घेऊन मागच्या अंगणात निघाली. मी विचारलं, "कुठे?"

"चांदोबाला ओवाळायला."

ज्यांना भाऊ नसतो त्या बायका त्या दिवशी चंद्राला ओवाळतात. माझी एक चुलत आत्या ओवाळायची, तिचा भाऊ लहानपणीच गेला होता. माझी बायको तर अधारतालला धडधाकट भाऊ असताना ताट घेऊन अंगणात उभी होती. द्वितीयेचा चंद्र, नखाएवढा, शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीच्या वर. थोड्या वेळात तोही मावळणार. मी तिच्या मागे गेलो, वळसा घालून तिच्या समोर उभा राहिलो आणि म्हणालो, "ते भोक मी बुजवलं होतं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "जरा सरका. चंद्र तुमच्या डोक्यामागे आहे."

मी सरकलो. तिनं तीनदा ओवाळलं, अक्षता टाकल्या. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही, ताट घेऊन आत गेली आणि दुधाला विरजण लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटर काढून अधारतालला गेलो. तो दुकानाचं शटर अर्धं वर करून एका टाकीची काच पुसत होता. मला पाहून त्यानं स्टूल पुढे केलं. मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं, लांबी, बोट, तीन वेळा केलेली चाचणी, सगळं. तो ऐकत होता आणि पुसलेलीच काच पुन्हा पुसत होता.

"मग त्या दिवशी चुकलं काहून म्हणालास?" मी विचारलं. अजूनही मी तपासणीच घेत होतो.

"चुकलंच न, जिजाजी," तो म्हणाला. "त्या छेदाचं मी तुम्हाला सांगायला पाहिजे होतं. दीदीला सांगितलं, तुम्हाला नाही. सांगितलं असतं तर तुम्ही दुपारभर प्रश्न विचारले असते. मला कंटाळा आला." मग फडकं पिळत म्हणाला, "अन् दीदीसमोर तुम्ही खोटे पडले असते. तिला तुमच्यासोबत राहायचं आहे."

यात डाव कुठे आहे ते मी शोधून पाहिलं. नव्हता. मी म्हणालो, "चल." तो म्हणाला, "भाऊबीज तर काल झाली." मी म्हणालो, "चल." त्यानं शटर ओढलं आणि मागे बसला. वाटेत समोशांसाठी थांबायला लावलं.

तिनं एक दिवस उशिरा त्याला ओवाळलं. कालची बासुंदी वाढली. मी तेव्हापासून सम्पचं काम स्वतःकडे घेतलं. दर रविवारी बादलीतल्या पाण्यात फोम पिळतो आणि पिनेनं भोक साफ करतो. त्यानंतरच्या कोणत्याच भाऊबीजेला तो चुकला नाही. बारा वाजता येतो, जेवतो, पाटावरच पेंगतो, चार वाजता जातो.

आणि दिवस मावळला की ती ताट घेऊन मागच्या अंगणात जाते. पहिल्या वर्षी मी बोललो नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. तिसऱ्या वर्षी राहवलं नाही, म्हणून विचारलं, "भाऊ तर दुपारी येऊन गेला. आता चंद्राला काहून?"

तिनं निरांजनाची वात पुढे सारली. "राहू द्या," ती म्हणाली. "चांदोबाशी बोलणं ठेवलेलं बरं. तुमचा काय भरवसा?"